माळ खुंटीवर, बाटली मंडपामागे

गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री साडेदहाच्या सुमारास माझा चुलतभाऊ मंडपामागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकून ओकत होता. वय सोळा. अकरावी सायन्स. सकाळी आरतीचं ताट त्यानेच धरलं होतं आणि 'घालीन लोटांगण'ला स्वतःभोवती फिरताना पडता पडता वाचला होता, म्हणून सगळे हसले होते. रात्रीही तो पडता पडता वाचला आणि तेव्हाही सगळे हसले.

दोन पोरं त्याची पाठ चोळत होती. एकजण म्हणाला, "लिंबू आणा रे." दुसरा म्हणाला, "काकूला कळू देऊ नका." मंडळाचे एक जुने कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे लहानपणापासून दादा म्हणतो, ते आले, त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पहिलीच वेळ आहे, होतं असं. पुढच्या वर्षी झेपेल."

पुढच्या वर्षी झेपेल. एखादं पोरगं पहिल्यांदा पोहताना नाकातोंडात पाणी गेल्यावर म्हणतात ना, त्याच सुरात.

मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. कारण बारा-तेरा वर्षांपूर्वी, मी दहावीत असताना, त्याच मंडपामागे कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळलेली चपटी मला याच दादांनी दिली होती. "ताशा वाजवायचाय ना? मग दम पाहिजे." माझ्या आयुष्यातला दारूचा पहिला घोट मी कपाळावर गुलाल असताना घेतला. तुमच्यापैकी किती मुलांचा पहिला घोट असाच कुठल्या तरी देवाच्या नावाने झालाय? विसर्जन, दहीहंडी, जत्रा, शिमगा, देवीची मिरवणूक. एकदा आठवून बघा. मी माझ्या टीममधल्या महाराष्ट्रातल्या सहा पोरांना विचारलं, त्यातल्या चौघांचं उत्तर यातलंच एक होतं. सहाजणांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मला कळतं. पण प्रश्न विचारायला सहाजण पुरतात.

*

दुसऱ्या दिवशी घरात पंचायत बसली. काकूला अर्थातच कळलं होतं. निदान तयार होतं: संगत वाईट. मोबाईल. वेब सिरीज. आणि शेवटी हुकमी एक्का: "आजकाल संस्कारच राहिले नाहीत."

आता आमचं घर बघा. गाव फलटण तालुक्यातलं, माउलींच्या पालखीच्या वाटेपासून जवळच. आजोबा माळकरी. त्यांनी उभ्या आयुष्यात दारूला किंवा मटणाला हात लावला नाही. काकू गुरुवार करते, संकष्टी करते. काका मंडळाचे खजिनदार. घरात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. या घरात संस्कार कमी पडले असं म्हणायचं असेल, तर मग पुरेसे संस्कार नक्की किती किलो असतात ते तरी सांगा.

आणि वाईट संगत? त्या रात्री त्याच्याबरोबर कोण होतं? मंडळ. म्हणजे आम्हीच. त्याचे सख्खे काका पन्नास फुटांवर आरतीची थाळी मोजत होते.

धर्म कमी झाला म्हणून पोरं पितात, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. माझ्या गावात धर्म कमी झालेला नाही. पूर्वी गावात एक गणपती होता, आता सात आहेत. जितके गणपती वाढले तितक्या मिरवणुका वाढल्या आणि जितक्या मिरवणुका वाढल्या तितके मंडप वाढले. प्रत्येक मंडपाला मागची बाजू असते.

*

इथे माझे पुरोगामी मित्र टाळ्या वाजवतील. जरा थांबा, तुमच्याशीही भांडण आहे.

धर्माचा आणि दारूचा काही संबंधच नाही, ज्याला प्यायची तो पितो, हे तुमचं लाडकं वाक्यही खोटं आहे. संबंध आहे. जगभरातल्या बऱ्याच पाहण्यांमध्ये धार्मिक घरांतली, नियमाने प्रार्थनेला जाणारी किशोरवयीन मुलं सरासरीने उशिरा आणि कमी पितात असंच दिसत आलंय. आपल्याकडेही मुस्लिम पुरुषांमध्ये दारूचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी दिसतं. हे झाकून ठेवून वाद जिंकता येत नाही.

मला हे हॉस्टेलमध्ये समोर दिसलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आमच्या मजल्यावर दोनच पोरं पीत नव्हती. एक मुस्लिम, मालेगावचा. दुसरा पंढरपूरकडचा, गळ्यात तुळशीची माळ. फ्रेशर्सच्या रात्री सीनियर ग्लास घेऊन फिरत होते. मालेगावचा म्हणाला, "आमच्यात चालत नाही." संपला विषय. माळकऱ्याने नुसतं गळ्याला बोट लावलं. संपला विषय. आणि तिसरा एक पोरगा होता, घरचे शिक्षक, देवधर्म फारसा नाही. त्यालाही प्यायची नव्हती. तो म्हणाला, "मला नकोय." त्याला पाऊण तास सोडला नाही. का नको? घाबरतोस का? आईला विचारायचंय का? शेवटी त्याने घेतली.

धर्म किशोरवयीन मुलाला जी सगळ्यात उपयोगी गोष्ट देतो, ती म्हणजे हा तयार नकार. सोळा-सतराव्या वर्षी "मला नको" हे वाक्य एकट्याने उभं करणं महाकठीण असतं. "आमच्यात चालत नाही" या वाक्यामागे सबंध गाव उभं असतं. त्यात भित्रेपणाचा आरोप होत नाही, कारण निर्णय तुझा नाही, तुझ्या लोकांचा आहे. आम्ही देव न मानणाऱ्यांनी आमच्या पोरांसाठी असा नकार तयार केलेला नाही. आम्ही त्यांना "विचार करून ठरव" असं सांगतो आणि रात्री अकरा वाजता बारा जणांच्या घोळक्यात एकटं सोडून देतो.

म्हणून प्रश्न धर्म चांगला की वाईट असा नाही. एकाच धर्माने, शेजारशेजारच्या जिल्ह्यांतून आलेल्या दोन पोरांपैकी एकाला माळ दिली आणि दुसऱ्याला चपटी. हे कसं झालं, हा प्रश्न आहे.

*

पहिली गोष्ट, बंदी. "आपल्या धर्मात दारू नाही" असं म्हणणाऱ्याने नक्की कुठला धर्म म्हणायचाय ते सांगावं. वारकऱ्याला दारू वर्ज्य आहे, खरंय. पण गावाच्या शिवेवरच्या म्हसोबाला कोंबडं आणि बाटली जाते, तोही आपलाच देव. उज्जैनच्या काळभैरवाला दारूचाच नैवेद्य असतो. गडचिरोलीतल्या गोंड-माडिया गावांत मोहाची दारू जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत असते आणि पहिले थेंब देवाचे असतात. म्हणजे धर्माने दारूला दार बंद केलं असं सरसकट झालेलं नाही. काही दारं बंद, काही सताड उघडी. पोरांना दोन्ही दिसतात.

जिथे दार बंद आहे तिथेही पुढे काय होतं ते बघू. १९५३ साली अमेरिकेत रॉबर्ट स्ट्राउस आणि सेल्डन बेकन यांचं कॉलेजातल्या मुलांच्या पिण्यावरचं पुस्तक आलं. २७ कॉलेजं, पंधरा हजारांहून जास्त विद्यार्थी. त्यात मॉर्मन पंथाची मुलं, ज्यांच्या धर्मात दारूला पूर्ण बंदी आहे, सगळ्यात कमी प्रमाणात पिणारी निघाली. पण त्यांच्यातली जी पीत होती, ती पिऊन झिंगण्यात आणि भानगडीत सापडण्यात पुढे होती. उलट ज्यू मुलं जवळजवळ सगळीच पीत होती आणि भानगडी कमी होत्या. ज्यू घरांत सणावाराला वडीलधाऱ्यांसमोर वाइनचा घोट घेतला जातो. तो पराक्रमही नसतो आणि चोरीही नसते.

तुम्ही म्हणाल, बंदी मोडणारा मुळातच बंडखोर असणार, मग तो जास्त पिणारच. बरोबर, हा आक्षेप मलाही मान्य आहे. आणि एवढ्यावरून "मग घरीच पाजा पोरांना" असा सोयीस्कर अर्थही काढू नका. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून केलेला अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. आईवडिलांनी स्वतः दारू दिल्याने मुलं सुरक्षित राहतात, याला त्यात काहीही आधार मिळाला नाही. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते, त्यामुळे सोळाव्या वर्षी दारू कोणीच देऊ नये, घरीही नाही आणि मंडपातही नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. बंदी मोडल्यावर त्या पोराला जायला जागा उरते का? आमच्या घरात दारूबद्दल बोलायची एकच जागा आहे, ती म्हणजे "आपल्यात चालत नाही" हे वाक्य. ते मोडलं की बोलणं संपलं. मी दहावीत प्यायलो तेव्हा मला रात्रभर एकच भीती होती, आजोबांना वास येईल. पोटात काय गेलंय, किती गेलंय, बाइकवर बसावं का, हे प्रश्न मनात आलेच नाहीत. त्या रात्री मी ट्रिपल सीट घरी गेलो. चालवणारा माझ्याइतकाच प्यायलेला होता.

आणि मोठ्यांनी बंदीचं काय केलं? आमच्या गावात एक गृहस्थ होते. संध्याकाळी गुत्त्यावर जाण्याआधी गळ्यातली माळ काढून खुंटीला लावायचे आणि सकाळी आंघोळ करून परत घालायचे. गाव हसायचं. मीही हसायचो. आता वाटतं, त्यांनी आम्हा पोरांना जितकं शिकवलं तितकं शाळेनेही शिकवलं नाही. नियम पाळायचा नसतो, तो काढून ठेवायची जागा माहीत असावी लागते, हे आम्ही तिथे शिकलो.

*

दुसरी गोष्ट, कॅलेंडर. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्र. हे दिवस सोडून. म्हणजे कुठले सोडून? बुधवार, शुक्रवार, रविवार. माझ्या ऑफिसमध्ये पार्टी ठरवताना हे गणित एक्सेल शीटपेक्षा चोख होतं.

आणि गटारी. आषाढी अमावस्या, दिव्याची आवस, या दिवशी घरातले दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करायची. माझी आजी कणकेचे दिवे करायची. आज दहावीतल्या मुलाला विचारा ही कुठली अमावस्या, तो गटारी म्हणेल. दरवर्षी व्हॉट्सअॅपवर मूळ शब्द 'गतहारी' होता असा एक संस्कृत वेष घातलेला मेसेज फिरतो. मूळ शब्द काही का असेना. मुलांना त्या दिवशी दिसतं ते हे: ज्या काकांना श्रावणात दारू चालत नाही, ते श्रावण सुरू होण्याआधी महिन्याभराचा हिशेब एका रात्रीत चुकता करतात आणि त्याचा विनोद फॅमिली ग्रुपवर टाकतात. त्याच ग्रुपमध्ये तेरा वर्षांची भाची असते.

यातून मर्यादा शिकवली जाते असं कोणी म्हणत असेल तर मला ती दिसत नाही. महिनाभर न पिता राहता येणं ही ताकद आहे, हे मी नाकारत नाही. श्रावणात सोडली ती कायमचीच सुटली, अशी माणसंही मी पाहिली आहेत. पण पोरांपर्यंत पोचतं ते एवढंच की दारू वाईट नाही, वार वाईट असतो.

सरकारही हेच करतं. अनंत चतुर्दशीला ड्राय डे. दुकान बंद, म्हणून आदल्या रात्री दुकानासमोर रांग आणि दुसऱ्या दिवशी मंडपामागे खोकं. ड्राय डेला गावातल्या सज्ञान माणसाला दारू मिळत नाही, अकरावीतल्या पोराला मिळते. कारण ती आधीच आणून ठेवलेली असते आणि वाटणारा दादा असतो.

*

तिसरी गोष्ट, संगत. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

बारावीनंतरच्या सुट्टीत मी आजोबांबरोबर लोणंदपासून चार मुक्काम वारीत चाललो होतो. त्या दिंडीत माझ्या वयाची आठ-दहा पोरं होती. कोणी दारूचं नावही काढलं नाही. तिथे काय पोलीस होते? पहाटे उठून ट्रकमधून सामान उतरवायचं, पंगतीत वाढायचं, पताका धरायची, पखवाजवाल्याच्या मागे चालायचं. संध्याकाळी पाय इतके दुखायचे की झोप हीच चैन वाटायची. मुख्य म्हणजे बाजूला सत्तर वर्षांचा म्हातारा असायचा, पंचेचाळिशीची बाई असायची, दहा वर्षांचं पोर असायचं. सगळ्या वयांची माणसं एका ओळीत. त्या ओळीतून बाहेर पडून प्यायला मागची बाजूच नव्हती.

आता मिरवणूक बघा. रात्री नऊनंतर बायका घरी. म्हातारे घरी. लहान पोरं घरी. उरतात पंधरा ते पस्तिशीचे पुरुष, डीजेची भिंत आणि चार तास रस्त्यात उभं राहणं. करायला काम नाही. बोलता येत नाही, कारण ऐकू येत नाही. दोन्हीकडे तोच देव, तोच गुलाल-बुक्का, तीच श्रद्धा. माणसांची मांडणी वेगळी आणि परिणाम वेगळा.

ही मांडणी बदलली की पिणं बदलतं, हे एका देशाने करून दाखवलंय आणि तेही देवाचं नाव न घेता. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ साली तो आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी मुलांसाठी खेळ, संगीत, क्लब यांवर पैसा घातला. ठरावीक वयाखालच्या मुलांनी रात्री मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही हा नियम केला. आईवडिलांनी आपसात करार केले आणि रात्री गल्लीतून फेऱ्या मारल्या. दरवर्षी मुलांना विचारून आकडे काढले आणि शाळेपर्यंत परत नेले. दिंडी न चालता त्यांनी दिंडीची मांडणी उभी केली. आपल्याकडे दिंडी शेकडो वर्षं आहे आणि आपण मंडळाची मिरवणूक मात्र नेमकी उलटी बांधली.

*

आता त्या लोकांकडे वळतो ज्यांना हे सगळं माहीत आहे आणि तरी ते बोट दुसरीकडे दाखवतात.

यूट्यूबवर कीर्तनांच्या क्लिप बघा. पोरं कशी बिघडली यावर पंधरा मिनिटं, त्यातली बारा मिनिटं पोरींवर. जीन्स, पब, बियर, मोबाईल. समोर हजारो माणसं हसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातले पंधरा वर्षांवरचे सुमारे १९ टक्के पुरुष दारू पितात असं आलं. बायकांचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास. व्यासपीठावरून मात्र त्या एकीची गोष्ट सांगतात आणि एकोणीस जण पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. कारण त्यातलेच काहीजण सप्ताहाचे देणगीदार असतात.

ज्या परंपरेचं नाव घेऊन हे चालतं, तिच्यातच याला उत्तर देणारा माणूस होऊन गेला. गाडगेबाबांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायचं नाकारलं आणि गोड जेवण घातलं. जातभाई रागावले. त्यांनी सुरुवात शेजारच्याच्या पोरीपासून केली नाही, आपल्या दारातून केली. पुढे आयुष्यभर कीर्तनात त्यांनी समोरच्या बापयालाच प्रश्न विचारले: कर्ज काढून सण का करता, दारू का पिता, पोराला शाळेत का घालत नाही. श्रोत्याला अवघडल्यासारखं झालं नाही तर ते कीर्तन कसलं?

आणि मंडळांना टिळकांचं नाव फार आवडतं, म्हणून त्यांना आठवण करून देतो. १८९३ पासून ज्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चळवळीचं रूप दिलं, तेच टिळक १९०८ साली पुण्यात दारूबंदीच्या चळवळीत होते. दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहून येणाऱ्याला परत पाठवत होते आणि त्यात विद्यार्थी होते. तेव्हाचं तरुण पोरगं दुकानाबाहेर उभं राहून मोठ्यांना सांगत होतं, पिऊ नका. आज मोठा माणूस मंडपामागे उभा राहून त्याच वयाच्या पोराला सांगतोय, झेपेल.

दंडुक्याने सगळं सुटतं असंही मी म्हणणार नाही. राळेगणसिद्धीत देवळात शपथा झाल्या, तशी दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारहाणही झाली. गाव सुधारलं म्हणून ते विसरायचं नसतं. माझ्या भावाला कोणी खांबाला बांधावं असं मला वाटत नाही. मला त्याला दारू देणाऱ्याबद्दल बोलायचंय. आणि गडचिरोलीतल्या, चंद्रपुरातल्या बायकांनी मोर्चे काढून, मतदान करून बाटली आडवी केली, त्यांना धर्माची परवानगी लागली नव्हती. घरात मार खाणाऱ्या बाईला दारूबद्दल वेगळ्या प्रवचनाची गरज नसते.

*

कायदा काय म्हणतो, तेही एकदा स्वच्छ लिहून ठेवतो. महाराष्ट्रात बियर आणि वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. आणि बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७७: अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू दिली किंवा द्यायला लावली, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. वाक्य पुन्हा वाचा. त्यात 'सणाच्या दिवशी सोडून' असं कुठेही नाही. 'दादा असेल तर' असंही नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन सॉफ्टवेअर इंजिनिअर गेले. आम्ही आयटीवाले त्या आठवड्यात फार चिडलो होतो. ३०० शब्दांच्या निबंधावर हजारो मीम्स केले, मीही केले. श्रीमंत बापाचा पोरगा, पब, महागडी गाडी. राग बरोबरच होता. पण राग करणं सोपंही होतं, कारण त्यात आमचं कोणीच नव्हतं. पबने अल्पवयीन मुलाला दारू दिली तर पबला सील ठोका म्हणणारे आम्ही, तीन महिन्यांनी आपापल्या गावी जाऊन मंडळाला वर्गणी देऊन आलो. तिथे ती दारू फुकट वाटली जाते, गाडीऐवजी ट्रिपल सीट बाइक असते आणि मेलेल्या पोराची बातमी तालुक्याच्या पानावर दोन ओळींत संपते.

*

मी दरवर्षी मंडळाला ५००१ रुपये देतो. पावती माझ्या नावाने फाटते, स्टेजवरून नाव घेतात, आईला बरं वाटतं. त्या पैशातून ट्रॉलीमागचं खोकं येतं की नाही ते मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलं नाही. यंदा विचारलंय.

काकांना, म्हणजे खजिनदारांना, मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या. एक, अठराच्या आतल्या पोराला मंडपात, मंडपामागे किंवा मिरवणुकीत कोणी दारू दिली, तर त्याचं नाव मंडळाच्या यादीतून जाईल आणि कलम ७७ ची तक्रार मी स्वतः करीन, नात्यातला असला तरी. दोन, मिरवणूक दहाच्या आत संपेल अशी निघावी आणि बायका-म्हातारे शेवटपर्यंत सोबत असावेत. तीन, पोरांना काम द्यावं. ढोल, लेझीम, वाहतूक, पाणी, निर्माल्य. नुसतं उभं ठेवू नये. हे मान्य असेल तर ५००१ नाही, ११००१ देतो.

काकांचं उत्तर आलं: "तू शहरात राहून फार शहाणा झालास." मग दोन दिवसांनी दुसरा मेसेज आला: "दोन आणि तीन बघतो. एकचं मीटिंगमध्ये काढू नको, भांडणं होतील."

मी एकचंच काढणार आहे. कारण दोन आणि तीन मान्य करून एक सोडली, तर ती पुन्हा खुंटीवरची माळच.

आणि तुम्ही, जे देव मानता, तुमच्या हातात फार मोठी गोष्ट आहे. त्या मालेगावच्या आणि पंढरपूरच्या पोराला जो नकार मिळाला, तो तुमच्या धर्मातूनच मिळाला. तो मंडपातही मिळू दे. "आमच्या मंडळात चालत नाही" हे वाक्य एकदा एखाद्या दादाने मोठ्याने म्हटलं, तर पंधरा पोरांना ते वर्षभर वापरता येईल. आणि जे माझ्यासारखे देव न मानणारे आहेत, त्यांनी आपल्या भावांना, भाच्यांना असंच एखादं वाक्य द्यावं आणि रात्री अकरा वाजता फोन आला तर न ओरडता घ्यायला जाऊ असा शब्द द्यावा. मी माझ्या भावाला तो दिलाय. तो म्हणाला, "खरंच ओरडणार नाहीस?" मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी ओरडीन."

यंदा तो सतराचा आहे. ताशा शिकतोय, बऱ्यापैकी वाजवतो. विसर्जनाला मी रजा टाकली आहे. दादाही असतीलच, गेल्या वर्षी त्यांनी पुढच्या वर्षीचा शब्द दिलाय. त्यांच्या आणि माझ्या भावाच्या मध्ये यंदा मी उभा असेन आणि गेल्या वर्षीसारखा गप्प नसेन.